वळणावरचे वंगण



ज्या यंत्रजाणत्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते, त्यांच्याविषयी आपणांपैकी पुष्कळांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून त्यांचे गुणवर्णन करण्याऐवजी, ज्या विषयात त्यांचे हात आयुष्यभर बुडालेले होते त्याच विषयावर बोलणे मला त्यांच्या स्मृतीस अधिक शोभणारे वाटते. या सभागृहात इतिहास, वाङ्मय आणि समाजकारण यांवर व्याख्याने ऐकण्याचा आपला शिरस्ता आहे. आज मी मोटारीच्या इंजिनातील तेलावर बोलणार आहे; आणि त्यातही, रोज कचेरीला, बाजारहाटाला, मुलांना शाळेत पोचवायला जी मोटार आपण वापरतो, तीच एखाद्या रविवारी ऑटोक्रॉसच्या मैदानात उतरवायची झाली तर तिच्या वंगणव्यवस्थेची तजवीज कशी करावी, एवढ्यापुरतेच. विषय अरुंद आहे. परंतु त्यात पदार्थविज्ञान आहे, धातुविद्या आहे, कारागिरी आहे आणि थोडा नागरिकधर्मही आहे, असे माझे मत असल्यामुळेच मी बोलण्याची विनंती मान्य केली.

ऑटोक्रॉस म्हणजे काय? मोकळ्या मैदानावर शंकू मांडून नागमोडी मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. तिची स्पर्धा शेजारच्या गाडीशी नसून घड्याळाशी असते. शंकू पडला तर दंडाचे सेकंद तिच्या वेळेत मिळवले जातात. फेरी एक-दोन मिनिटांत आटोपते आणि वेग बहुधा ताशी शंभर किलोमीटरच्या आतच राहतो. इंग्लंडात हा खेळ माती-गवतावर खेळतात, अमेरिकेत तो डांबरी पटांगणांवर वाढला, आणि आपल्याकडे दोन्ही तऱ्हा चालतात. मोटारीच्या खेळात याहून निर्धोक आणि याहून कमी खर्चाचा दुसरा प्रकार क्वचितच असेल.

आपल्या प्रांतास या खेळाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून मुंबईत आहे. जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत. १९७३ साली देशातील मोटारक्रीडा मंडळांचा महासंघ स्थापन झाला. आणि पुढे नाशिक, पुणे, मुंबई येथील मंडळींनी रॅली आणि ऑटोक्रॉस यांचा नाद जिवंत ठेवला. पण या परंपरेचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते. शर्यतीसाठी खास बांधलेली मोटार आपल्याकडे मूठभरांच्याच दारात होती. बाकीच्यांनी काय चालवले? कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८००, नंतर जिप्सी, झेन, एस्टीम. म्हणजे घरची गाडी हीच शर्यतीची गाडी. सोमवारी सकाळी तिलाच पुन्हा कामावर जायचे असते. इंजिन बसले तर केवळ चषक जात नाही, एका कुटुंबाचे वाहन जाते. माझ्या सर्व बोलण्याला ही पार्श्वभूमी आहे, ती कृपया ध्यानात ठेवावी.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. अलिबागच्या या किनाऱ्याला शर्यतींचे प्रेम नवे नाही. पुळणीवर बैलगाड्या आणि घोडागाड्या पळताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. म्हणून काही तरुणांना वाटते की ओहोटीची पुळण हेच मोटारीचे मैदान. तसे मुळीच नाही. खारे पाणी आणि बारीक वाळू ही इंजिनाची, ब्रेकची आणि पत्र्याची उघड शत्रू आहेत, भरती कोणाची वाट पाहत नाही, आणि पुळणीवर लहान मुले असतात. रीतसर परवान्याचे, बंदोबस्ताचे मैदान असेल तेथेच हा खेळ खेळावा, मग त्यासाठी पुण्यापर्यंत जावे लागले तरी हरकत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. तेल इंजिनात नेमके काय करते?

धातूला धातू घासू नये म्हणून मध्ये तेल असते, हे उत्तर खरे आहे आणि अपुरेही आहे. १८८३ च्या सुमारास लंडनमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या डब्यांच्या आसांवरील बेअरिंगांची परीक्षा करीत होता. तेल घालण्याच्या सोयीसाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागला तेव्हा अपेक्षेप्रमाणे तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले. बूच बाहेर फेकले गेले. लाकडी गुडदी ठोकली. तीही सरकत सरकत बाहेर आली. शेवटी त्याने तेथे दाबमापक लावला, तेव्हा काटा त्याच्या पट्टीच्या शेवटापर्यंत गेला. फिरणारा आस स्वतःच आपल्याभोवतीचे तेल ओढून, निमुळत्या फटीत पाचरीसारखे कोंबून, त्या पाचरीवर डब्याचे सारे ओझे उचलून धरीत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने या घटनेचे गणित मांडले, आणि आज जगातील प्रत्येक मोटारीचा क्रँकशाफ्ट त्याच गणिताच्या आधारावर फिरतो आहे.

याचा अर्थ काय झाला? इंजिनातील ऑइल पंप क्रँकला उचलून धरीत नाही. पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा. तेलाच्या पातळ थरात उत्पन्न होणारा दाब त्याच्या कित्येक पट. क्रँकला उचलतो तो त्याचा स्वतःचा फिरणेपणा. पंपाकडे काम एकच, रसद पोचविण्याचे. बेअरिंगच्या कडांतून जेवढे तेल निसटते तेवढे ताजे, थंड, स्वच्छ आणि हवा नसलेले तेल क्षणोक्षणी पुरवीत राहणे, एवढीच त्याची नोकरी. आणि हा जो थर म्हणून मी म्हणतो तो किती जाड? जेथे तो सर्वांत पातळ असतो तेथे मिलिमीटरचे काही सहस्रांश; आपल्या डोक्यावरचा केस त्याच्यापुढे फार जाड ठरेल. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला शंभर फेऱ्या होतात. रसद एक सेकंद तुटली म्हणजे शंभर फेऱ्या उपाशीपोटी झाल्या. पहिल्या काही फेऱ्या मागे उरलेल्या तेलावर निभतात. पण पुढे थर फाटतो, मऊ धातूचा मुलामा पुसला जातो, उष्णता वाढते, आणि ज्याला गॅरेजमध्ये ‘बिगेंड गेलं’ म्हणतात तो प्रकार सुरू होतो. त्याहीपुढे गेले तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

सरळ रस्त्यावर असे सहसा घडत नाही. मग वळणावर का घडते?

पाण्याने भरलेली परात हातात घेऊन झपाझप चालणारी बाई एकदम वळली तर पाणी परातीच्या बाहेरच्या काठावर चढते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये वळणावर तेलाचे तेच होते. किती चढते, याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीने करता येतो. गाडीवर आडवा पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा असेल तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे सत्तावीस अंशांनी कलतो. आठ-दशांश असेल तर एकोणचाळीस अंशांनी. आणि जोर गुरुत्वाकर्षणाएवढाच झाला की नेमके पंचेचाळीस अंश. साध्या रस्त्याच्या चांगल्या टायरांवर आठ-दशांशापर्यंत सहज जाता येते. शर्यतीचे चिकट टायर चढवले की पूर्ण एक. म्हणजे टायर सुधारला की तेलाची स्थिती बिघडली! ही गोष्ट किती जणांच्या लक्षात येते? टायरांवर, स्प्रिंगांवर, ब्रेकांवर मनसोक्त खर्च करणारा तरुण चेंबरकडे पाहतसुद्धा नाही, आणि जितकी त्याची गाडी वळणात चांगली होत जाते तितका तो त्या न पाहिलेल्या ठिकाणी धोका वाढवीत जातो.

पंचेचाळीस अंश म्हणजे केवढे, हे ज्यांच्या घरी मच्छीमारीच्या होड्या आहेत त्यांना मी सांगायला नको. रेवस, थळ, वरसोली, अक्षी येथल्या नाखवांनी पावसाळ्याच्या तोंडाशी खवळलेल्या दर्यात डिझेल इंजिने चालविली आहेत. जहाजांच्या यंत्रसामग्रीसाठी वर्गीकरण संस्थांनी जे दंडक घालून दिले आहेत, त्यांत मुख्य इंजिनाने पंधरा अंशांच्या कायम कलंडीत आणि साडेबावीस अंशांच्या आडव्या डोलण्यात बिनतक्रार चालावे, असे म्हटलेले आहे. पुढेमागे होणाऱ्या डोलण्याला तर साडेसात अंशच पुरेसे मानले आहेत. भर समुद्रातल्या जहाजासाठी साडेबावीस, आणि सपाट मैदानावरच्या घरगुती मोटारीसाठी पंचेचाळीस! मोटार कललेली दिसत नाही म्हणून आपण फसतो. इंजिन जवळजवळ सरळच राहते, पण तेलाच्या दृष्टीने जग कललेले असते. आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूस गाडी जी किंचित झुकते ती त्यात आणखी दोन-चार अंशांची भर घालते.

चेंबरच्या तळाशी पंपाची शोषणनळी असते; तिच्या तोंडाशी जाळी, जिला मिस्त्री लोक स्ट्रेनर म्हणतात. तेल एका बाजूला चढले आणि स्ट्रेनरचे तोंड उघडे पडले की पंप हवा ओढतो. नुसती हवा असती तर निदान दाबमापकाचा काटा तत्काळ पडून इशारा मिळाला असता; पण पुष्कळदा हवा आणि तेल यांचा फेस ओढला जातो. फेसावर दाब दिला तर तो दबतो. तेलाची पाचर ओझे उचलते, फेसाची पाचर उचलीत नाही. शिवाय वेगात चालणाऱ्या इंजिनात बरेचसे तेल वर हेडमध्ये आणि भिंतींवर अडकलेले असते. खाली परतण्याच्या वाटा अरुंद, आणि वळणात त्यांतल्या काही तेलानेच तुंबलेल्या. तेल मोजण्याच्या पट्टीवर पाहिलेले तेल आणि वळणात चेंबरमध्ये प्रत्यक्ष हजर असलेले तेल यांत अशी तफावत पडते.

ऑटोक्रॉसची म्हणून काही खास लक्षणे आहेत. लांब फेऱ्यांच्या शर्यतीत एकच मोठे वळण कितीतरी सेकंद चालते आणि तेल एका भिंतीला चिकटून बसते. ऑटोक्रॉसमध्ये वळण टिकते थोडे, पण लागोपाठ उलटते: डावे, उजवे, डावे, उजवे, मध्येच कडक ब्रेक आणि पुन्हा डावे. तेल स्थिर कलत नाही, त्याची लाट होते. आणि लाटेचे आंदोलन व शंकूंचे अंतर यांचा ताल जुळला तर ती लाट हिशेबातल्या कोनापेक्षाही वर चढते. दुसरे असे की इंजिन गाडीत कसे बसविले आहे यावर सर्व अवलंबून आहे. पद्मिनी किंवा जिप्सी यांचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने; त्यांत वळणावर तेल चेंबरच्या लांब भिंतीला जाते आणि ब्रेक मारल्यावर पुढच्या टोकाला. मारुती ८००, झेन, एस्टीम आणि आजच्या बहुतेक लहान गाड्या यांचे इंजिन आडवे. त्यांत वळणावर तेल इंजिनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. स्ट्रेनर ज्या टोकाला असेल त्याच्या विरुद्ध टोकाकडे तेल ढकलणारे वळण हे त्या गाडीचे घातक वळण. कोणाचे डावे, कोणाचे उजवे. हे पुस्तकात शोधण्यापेक्षा चेंबर काढून डोळ्यांनी पाहावे.

आणि मग करायचे काय? माझे उत्तर असे की प्रथम काहीही बदलू नये. प्रथम मोजावे.

हे मी अलिबागेत सांगतो आहे याचे मला समाधान आहे, कारण बदलापूर्वी मोजणे म्हणजे काय, याचा भारतातला एक अत्यंत सुंदर दाखला याच गावात उभा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी नाजूक उपकरणे त्या विजेच्या प्रवाहाने बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा म्हणून अलिबाग निवडले. पोरबंदरी दगडाची, चुंबकावर परिणाम करणारे लोखंड टाळून इमारत उठविली गेली, आणि १९०४ मध्ये येथे नोंदी सुरू झाल्या. परंतु कुलाब्याचे दप्तर त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घातली, आणि मगच कुलाब्यातील काम थांबविले. जुन्या स्थितीचे माप हाती असल्याशिवाय नव्या स्थितीचे माप निरर्थक, ही शास्त्राची शिस्त त्या मंडळींनी पाळली, म्हणूनच तो नोंदींचा धागा आजही अखंड मानला जातो. ज्या गावात हे घडले त्या गावच्या तरुणाने आपल्या गाडीच्या तेलाचा दाब न मोजता चेंबर कापायला घ्यावे, हे बरे दिसत नाही.

कारखान्याने बसविलेला लाल दिवा हे माप नव्हे. दाब अर्ध्या किलोच्याही खाली गेला म्हणजे तो पेटतो. चालत्या इंजिनाला स्थूलमानाने दर हजार फेऱ्यांमागे पाऊण किलोच्या आसपास दाब हवा, म्हणजे सहा हजारांवर चार किलोहून थोडा अधिक. चारावरून एकावर दाब कोसळला तरी तो दिवा शांतच राहणार! म्हणून खऱ्या आकड्यांचा दाबमापक बसवावा आणि त्याच्या जोडीला तेलाच्या उष्णतेचा मापक. पण वळणात चालकाचे डोळे पुढच्या शंकूवर असतात, काट्यावर असू शकत नाहीत आणि असूही नयेत. यावर दोन तोडगे आहेत. दोन किलोच्या आसपास पेटणारा ठळक दिवा नजरेसमोर लावणे हा एक. आणि काट्याकडे रोखलेला लहान कॅमेरा किंवा नोंदयंत्र लावून फेरीनंतर सावकाश पाहणे हा दुसरा. थंड इंजिन, तापलेले इंजिन, सरळ वाट, डावे वळण, उजवे वळण, ब्रेक, या प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा. काटा कोठेच डगमगत नसेल तर चेंबरला हात लावण्याचे कारण नाही. डगमगत असेल तर तो कोठे डगमगतो, त्यावरून उपाय ठरतो.

उपायांचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. अगदी प्रथम इंजिनाची तब्येत. ज्याचे बेअरिंग आधीच झिजले आहे, ज्याच्या सीलांतून तेल गळते, ज्याच्या चेंबरात वर्षानुवर्षांचा काळा गाळ साचला आहे, त्या इंजिनाला शर्यतीत नेऊच नये. मग तेलाची पातळी. सपाट जागेवर, इंजिन बंद करून तेल खाली उतरू दिल्यावर पट्टी पाहावी आणि तेल वरच्या खुणेला टेकलेले असावे. पुष्कळांच्या गाड्या खालच्या खुणेवर चालत असतात आणि रस्त्यावर त्यांचे काही बिघडत नाही. वळणावर मात्र तेवढ्या कमतरतेनेच घात होतो. काही इंजिनांत खुणेच्या वर अर्धा लिटरपर्यंत अधिक तेल भरून स्पर्धक निभावून नेतात, आणि केवळ तेवढ्याने काटा स्थिर झाल्याची उदाहरणे आहेत. पण त्यालाही मर्यादा आहे: पातळी क्रँकपर्यंत पोचली की क्रँक ते तेल घुसळतो, फेस करतो, आणि ज्या रोगावर औषध घेतले तोच रोग वाढतो.

तेलाच्या जातीविषयी फार वाद घातला जातो. मी थोडक्यात सांगतो. शंभर अंश उष्णतेस तीस नंबरचे तेल सुमारे सव्वानऊ ते साडेबारा सेंटिस्टोक घट्ट असते, चाळीसचे साडेबारा ते सव्वासोळा, पन्नासचे त्याहून अधिक. कारखान्याने सांगितलेल्या नंबरापेक्षा उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल घेणे समजण्यासारखे आहे. दोन-तीन पायऱ्या चढणे गैर आहे. घट्ट तेलाने काटा वर दिसतो आणि मन समाधान पावते. पण पंपाची सुरक्षा-झडप उघडून तेच तेल माघारी फिरत असते आणि बेअरिंगला जाणारा प्रवाह कमीच असतो. दाब आणि प्रवाह या दोन वस्तू आहेत, त्यांची गल्लत करू नये. ऑटोक्रॉसमध्ये तर थंड तेलाचा धोका गरम तेलाइतकाच आहे, कारण फेरी मिनिटाची आणि वाट पाहणे अर्ध्या तासाचे. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे तेलही तापले असे नसते. तेल बरेच मागाहून तापते. म्हणून रांगेत नंबर येण्यापूर्वी इंजिन सावकाश तापवावे आणि तेल सत्तर-ऐंशी अंशांवर आल्याशिवाय इंजिनाच्या फेऱ्या वाढवू नयेत. नव्वद ते एकशेवीस ही त्याची सुखाची जागा. एकशेतीसच्या वर गेले तर मात्र ऑइल कूलरचा विचार करावा. एका मिनिटाच्या फेऱ्यांत तशी वेळ क्वचितच येते.

एवढ्याने काटा स्थिर झाला नाही, तर चेंबर काढावा. येथे कारागिरी सुरू होते, आणि या टेबलावर आपण पाहता तो कापलेला चेंबर मी त्यासाठीच आणला आहे. स्ट्रेनरच्या चारही बाजूंनी आडभिंती उभ्या करून एक लहानशी कोठडी करावयाची, या भिंतींना खाली दारे ठेवायची, आणि ती दारे बिजागरीवर अशी टांगायची की ती फक्त आत उघडतील. तेल स्ट्रेनरकडे धावते तेव्हा दार उघडते. तेल परत पळू पाहते तेव्हा तेच दार त्याच्याच जोराने मिटते. किती साधी युक्ती! वळण डावे असो वा उजवे, कोठडीत तेल येऊ शकते, जाऊ शकत नाही. वरून एक आडवा पत्रा घातला म्हणजे तेल उसळून क्रँकपर्यंत चढत नाही, आणि क्रँकने भिरकावलेले तेलही फेस न होता खाली उतरते.

युक्ती साधी असली तरी ती अंमलात आणताना पुष्कळ तपशील सांभाळावे लागतात. क्रँक आणि रॉड खाली येताना आडभिंतीला लागणार नाहीत ना, हे पाहण्यासाठी भिंतींच्या माथ्यावर मऊ चिकणमाती बसवून, चेंबर लावून, इंजिन हाताने पूर्ण फिरवावे आणि मातीवर ठसा उमटतो का ते पाहावे. स्ट्रेनर आणि तळ यांत सहा ते दहा मिलिमीटर अंतर असावे: कमी असेल तर तेल गुदमरते, अधिक असेल तर हवा लवकर शिरते. दगडाळ मैदानावर चेंबर आपटून तळ आत दबला, तर बाहेरून केवळ पोचा दिसतो, परंतु आत स्ट्रेनरचे तोंड बुजलेले असते; म्हणून गाडीखाली जाड पत्र्याचे संरक्षण असावे आणि प्रत्येक आपटीनंतर तपास करावा. लोखंडी पत्र्याच्या चेंबरला वेल्डिंग सोपे. ॲल्युमिनियमच्या चेंबरला कसबी हात हवा, कारण तापून त्याची कड वाकते आणि मग कोणतेही पॅकिंग त्याला थोपवू शकत नाही. सांधा गळतो का हे पाहण्याची आपल्या वर्कशॉपांतली जुनी रीत उत्तम आहे: बाहेरून खडूची पूड फासावी, आतून रॉकेल लावावे, आणि काही वेळाने खडूवर ओला डाग फुटतो का ते पाहावे. शेवटची गोष्ट पॅकिंगच्या लुगदीची. ती सढळ हाताने लावली की आतल्या बाजूस तिची कड लोंबते, तुटते, आणि थेट स्ट्रेनरच्या जाळीत जाऊन बसते. तेलाला वाट करून देण्यासाठी उघडलेला चेंबर अशा रीतीने तेलाची वाट अडविण्यास कारण होतो. लुगदीची रेघ बारीक असावी.

आता एका गैरसमजाचा परामर्श घेतो. तेल कमी पडते म्हणून अधिक जोराचा पंप बसवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपण क्षणभर विचार करा. स्ट्रेनरचे तोंड उघडे पडलेले असताना मोठा पंप काय करील? अधिक हवा ओढील. आणि तोंड बुडालेले असताना? तो चेंबर अधिक लवकर रिकामा करील, अधिक तेल वर हेडमध्ये साठवील, झडपेतून अधिक तेल फिरवून ते तापवील. ज्याची रसद तळापाशी तुटली आहे त्याला वरून घाई करून उपयोग होत नाही. मूळ पंप चांगल्या स्थितीत असावा, त्याच्या फटी मापात असाव्यात, बस्स.

आडभिंतींनीही भागत नसेल तर तेलाचा राखीव साठा ठेवता येतो. एका जाड नळकांड्यात सरकता दट्ट्या; एका अंगाला दाबलेली हवा, दुसऱ्या अंगाला इंजिनाच्या तेलमार्गाला जोडलेले तेल. पंपाचा दाब चांगला असतो तेव्हा तेल या नळकांड्यात शिरून बसते. दाब पडला की हवा त्याला परत बेअरिंगांकडे ढकलते. दोन-तीन लिटरचा हा साठा काही सेकंद पुरतो, आणि ऑटोक्रॉसचे वळण काही सेकंदांचेच असल्याने या खेळाला तो विशेष अनुरूप आहे. त्याच्या मार्गात उलट न जाऊ देणारी झडप हवी, नाहीतर तेल बेअरिंगांऐवजी पंपातून मागे चेंबरमध्येच जाईल. त्याचा दुसरा गुण मला अधिक प्रिय आहे: इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याची कळ उघडली की कोरड्या बेअरिंगांना आधीच तेल मिळते. सोमवारच्या सकाळीही तो आपली चाकरी बजावतो.

सर्वांत शेवटी येतो तो कोरड्या चेंबरचा मार्ग: तेल चेंबरात साठूच द्यायचे नाही, वेगळ्या पंपांनी ते उपसून बाहेरच्या उंच टाकीत ठेवायचे आणि तेथून इंजिनाला द्यायचे. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आणि साठाच्या दशकातली पोर्श ९११ या रस्त्यावर विकल्या गेलेल्या गाड्यांतसुद्धा ही व्यवस्था होती. ती निर्विवाद श्रेष्ठ आहे; परंतु तिच्या खर्चात एक जुनी मारुती विकत मिळेल, आणि असा मोठा बदल केल्यावर गाडी बहुधा वेगळ्या, अधिक कठीण वर्गात ढकलली जाते. घरच्या गाडीला तिची शिफारस मी करीत नाही.

शर्यत संपल्यावर काम संपत नाही. जुना फिल्टर फेकून न देता तो कापून आतला कागद उलगडावा आणि उजेडात धरून पाहावा. काळे कण म्हणजे कार्बन. त्याची चिंता नको. चमचमणारे रुपेरी किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा मुलामा जाऊन खालचा धातू उघडा पडू लागला, असा त्याचा अर्थ; मग गाडी मैदानात नेऊ नये, इंजिनकाम होईपर्यंत लांबच्या प्रवासालाही नेऊ नये. पाहायला पाच मिनिटे लागतात. न पाहिल्यास काय लागते ते या सभागृहातल्या मिस्त्रीमंडळींना विचारावे.

आणि आता तो नागरिकधर्म, ज्याचा मी आरंभी उल्लेख केला. तेल इंजिनात असते तोवर ते एकट्या मालकाचा प्रश्न असते; मैदानावर सांडले की ते पुढच्या प्रत्येक स्पर्धकाचा प्रश्न होते. तेलाच्या डागावरून घसरलेली गाडी शंकू ओलांडून कोठे जाईल याचा नेम नाही, आणि शंकूंच्या पलीकडे स्वयंसेवक उभे असतात. वळणात इंजिनाच्या श्वासनळीतून तेल बाहेर येते. ते झेलायला बंद डबा असलाच पाहिजे. चेंबरचा नट तारेने बांधलेला असला पाहिजे. फिल्टर हाताने घट्ट आहे याची खात्री केलेली असली पाहिजे. ज्या मंडळांनी अशा स्पर्धा भरवल्या आहेत आणि जी पुढे आपल्या जिल्ह्यात भरवू इच्छितात, त्यांना माझी आग्रहाची दरखास्त आहे की गाडीच्या तपासणीत हेल्मेट आणि पट्टा यांच्या बरोबरीने तेलाला स्थान द्यावे: प्रत्येक गाडी इंजिन तापवून पाच मिनिटे स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करावी, खालचा पुठ्ठा काढून पाहावा, आणि तो कोरडा असेल तरच त्या गाडीला फेरीचा नंबर द्यावा.